पाकिटाला वास नसतो : दिवाळीचा डबा आणि मायक्रोवेव्हमधल्या वड्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त महिलांच्या कार्यक्रमात प्रात्यक्षिकासह दिलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना प्रमाणं पुन्हा तपासून घातली आहेत. बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिला होता ‘संस्थेची पंचवीस वर्षे’. त्यावर बोलायला अध्यक्ष आहेत, हिशोब सांगायला खजिनदार आहेत आणि पाण्याच्या टाकीचा इतिहास तर इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. म्हणून मी विषय बदलून मागितला. समोर टेबलावर मायक्रोवेव्ह ठेवला आहे, तो आमच्याच घरचा. खाली आणताना दोन पोरांनी धरला होता आणि तिसरा ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत पुढे चालत होता. पंधरा-वीस मिनिटांत यात नारळाच्या वड्या होतील. पण आधी डब्याची गोष्ट सांगते, कारण डबा नसता तर मी या पेटीच्या वाटेला गेलेच नसते.

ज्यांनी इथे नंतर घर घेतलं त्यांच्यासाठी थोडं मागचं. पहिल्या दिवाळीला इमारतीत फक्त नऊ बिऱ्हाडं होती. जिन्याला कठडा नव्हता, गेटला दार नव्हतं, पण चौकीदार होता. दिवाळीच्या दिवशी तो गेटपाशी बसून घरून आणलेली कोरडी पोळी आणि मिरची खात होता. माझ्या सासूबाईंनी ते वरून पाहिलं आणि त्याला फराळाचं ताट पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरून आणखी एक ताट आलं, मग तिसरं. त्याच्यासमोर चार ताटं झाली. तो म्हणाला, “बाई, मी एकटा हाव, एवढं कोन खाईन?” त्यावरून पुढच्या वर्षी ठरलं, की सगळ्यांनी मिळून एक डबा करायचा आणि आपल्यासाठी राबणाऱ्या प्रत्येकाला द्यायचा. चौकीदार, जिना झाडणारी बाई, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, घंटागाडीवाले, डीपीचा फ्यूज गेला की धावत येणारा लाइनमन. डब्यात शेव, चकली, शंकरपाळे आणि चार वड्या. वड्या आमच्या घरी व्हायच्या. मोठी पितळी कढई, गच्चीत दोन शेगड्या, आणि उलथणं हातात धरून पाटावर बसलेल्या सासूबाई. बाकीच्यांनी खोबरं किसायचं, साखर मोजायची आणि शिव्या खायच्या.

रामटेककरांची दिवाळी भाऊबीजेला संपत नाही, हे बाहेरून आलेल्या सुनांना एक-दोन वर्षांत कळतंच. पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते. गडावर मध्यरात्री त्रिपुर जळतो, खाली यात्रा भरते आणि प्रत्येक घरी पाहुणे मुक्कामाला येतात. कोण कोणाचा मेहुणा हे पौर्णिमा उलटली तरी नीट कळत नाही. तेव्हा दिवाळीचे डबे रिकामे झालेले असतात आणि पुन्हा काहीतरी गोड करावं लागतं. तेव्हाही ती कढई चढायची. गच्चीतून गडावरचा उजेड पाहत, हात पुसत आम्ही वड्या कापायचो.

हे चौदा-पंधरा वर्षं चाललं. मग मुलं पुण्याला गेली, बंगलोरला गेली, एक-दोन परदेशात गेली. मागे राहिलो आपण, गुडघे धरून जिना चढणारे. गच्चीत शेगडी नेणारं कोणी उरलं नाही. सासूबाईंना कंपवात सुरू झाला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायच्या, तिथे उलथणं कुठून धरणार? एका वर्षी बाजारातून मिठाई आणून डब्यात घातली. पुढच्या वर्षी सभेत ठराव आला, की डबा बंद करून प्रत्येकाला पैशाचं पाकीट द्यावं. ठराव मांडणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. पैसा कामाला येतो, आणि खरं सांगायचं तर घेणाऱ्यांनाही तोच जास्त हवा असेल. मी स्वतः हात वर करणार होते.

सासूबाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पाकीट द्या नं. पन पाकिटाले वास नसते.” आणि उठून घरी गेल्या.

ठराव त्या दिवशी पुढे ढकलला. घरी आल्यावर मला त्यांचा राग आला होता. बोलायला सोपं आहे, करणार कोण? त्या देवघरासमोर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, आणि हात हलत होते. मी काही बोलले नाही.

आमच्याकडे तेव्हा हा मायक्रोवेव्ह होता. लेकाने पहिल्या पगारातून आणलेला. दोन वर्षं आम्ही त्यात चहा गरम करत होतो आणि पापड भाजत होतो. सासूबाई त्याला ‘चहाची पेटी’ म्हणायच्या. त्या रात्री मी सोबतचं पुस्तक काढलं. त्यात केक होता, पिझ्झा होता, कुठल्यातरी भाजीचा सूप होता. वडी नव्हती. म्हटलं, आपणच करून पाहू.

आता या पेटीबद्दल दोन गोष्टी, कारण त्या समजल्याशिवाय वडी बिघडते. हे यंत्र स्वयंपाकासाठी कोणी मुद्दाम शोधलेलं नाही. अमेरिकेत रेथिऑन नावाच्या कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या नळ्यांवर काम करत होता. १९४५ च्या सुमाराला अशा चालू नळीजवळ उभं असताना त्याच्या खिशातला खाऊ वितळला, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे या यंत्राचा जन्मच मुळी खाऊवर झाला. पहिले विकायला आलेले मायक्रोवेव्ह माणसाच्या उंचीचे आणि तीनशे किलोंहून जड होते. आमच्या लिफ्टमध्ये तो मावला नसता, आणि मावला असता तरी लिफ्ट चालू असायला हवी होती. (समितीने हे मनावर घेऊ नये.)

शेगडीवर भांडं तापतं आणि भांड्यामुळे आतलं तापतं, म्हणून बूड लागतं. इथे लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर आत शिरतात आणि त्यातलं पाणी तापवतात. भांड्याला बूडच लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण यात एक फसवणूक आहे. कडेला उकळतं आणि मधे गार राहतं. शेंगदाणे भाजले तर वरून पांढरे दिसतात आणि आतून काळे झालेले असतात. साखरेचंही तसंच. डोळ्यांना काही दिसत नाही तोवर आत एखादी जागा जळून जाते. म्हणून दर मिनिटाला दार उघडायचं आणि ढवळायचं. पाच मिनिटं लावून टीव्हीसमोर बसणारीने यात वड्या करू नयेत, तिने पापड भाजावेत.

दुसरी गोष्ट वॅटची. ‘चार मिनिटं’ हे अर्धवट सांगणं आहे. कोणाचा मायक्रोवेव्ह ७०० वॅटचा असतो, कोणाचा ९००. मागच्या बाजूच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी निघून गेली असेल तर एक कप पाणी, त्यात एक लाकडी चमचा उभा करून, आत ठेवा. चमचा यासाठी, की नुसतं पाणी कधी कधी न उकळता फार तापतं आणि हलवलं की एकदम उसळतं. दोन मिनिटांच्या आसपास उकळी आली तर यंत्र जोरकस आहे. तीन मिनिटं लागली तर माझ्या प्रत्येक वेळेत चौथा हिस्सा वाढवा.

चला, आता वड्या. एक मोठं काचेचं भांडं घेतलं आहे, तापवायच्या काचेचं, साध्या काचेचं नाही. पदार्थ जितका आहे त्याच्या तिप्पट मोठं भांडं हवं, कारण दूध फुगून वर येतं. यात सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस २०० ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच वाट्या. त्यातला अर्धी वाटी बाजूला ठेवते. कंडेन्स्ड मिल्कचा साधारण ४०० ग्रॅमचा डबा ओतते. डबा आत ठेवायचा नाही हं, तो धातूचा आहे. एक मोठा चमचा तूप. वेलदोडा आत्ता नाही, शेवटी. आधी घातला तर वास सगळा या पेटीत राहतो, वडीत येत नाही.

पहिलं मिनिट. काढते, ढवळते. बघा, कडेला सुटायला लागलं आणि मधे अजून पातळ आहे. दुसरं मिनिट. आता बुडबुडे आले. तिसरं. आता चमच्याला जड लागतंय. यापुढे अर्ध्या अर्ध्या मिनिटाने. हा वास बघा, दुधाचा कच्चा वास गेला आणि खोबऱ्याचा आला. माझ्या ८०० वॅटच्या मायक्रोवेव्हला चार ते साडेचार मिनिटं लागतात. भांड्याच्या कडेपासून गोळा सुटून चमच्याबरोबर फिरायला लागला की थांबायचं. अजून ओलसर वाटतो म्हणून आणखी एक मिनिट दिलं तर वडी होत नाही, खडा होतो. बाहेर काढल्यावरही तो दोन मिनिटं आतून शिजत असतो. आता वेलदोडा. आता तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि वर बाजूला ठेवलेला कीस भुरभुरायचा. कोमट असतानाच रेघा मारायच्या, गार झाल्यावर सोडवायच्या. भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका, घडी घातलेल्या फडक्यावर ठेवा. माझं पहिलं भांडं ओल्या ग्रॅनाइटवर टाणकन तडकलं.

एवढं सरळ मला पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. पहिल्या खेपेला पेढे केले. दीड वाटी दूध पावडर, अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, दोन चमचे तूप, तीन मिनिटं, दर मिनिटाला ढवळून. पेढे खरंच चांगले झाले. मला एवढा उत्साह आला की वरून चांदीचा वर्ख लावला आणि जरा मऊ वाटले म्हणून ताट पुन्हा आत ठेवलं. आत फटाके फुटले. निळ्या ठिणग्या! वर्ख म्हणजे चांदी, आणि चांदी म्हणजे धातू, हे शाळेत शिकवणारी मी. ताटाला सोनेरी काठ असला तरी तेच होतं. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, “लक्ष्मीपूजन आजच हाय का?”

मग संत्र्याची वडी. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागतात, आणि संत्रा बर्फी आपल्या भागाची ओळख आहे. म्हणून मी संत्र्याचा गर कंडेन्स्ड मिल्कमध्ये घालून आत ठेवला. काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. फाटलं. दही-पाणी झालं. सासूबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “संत्रं आन् दूध कधी एका घरात नांदलं का वो?”

पण नंतर त्यांनीच मार्ग सांगितला, कारण त्यांना गूळ-आंब्याच्या पोळीचा अनुभव होता. आधी फळ आणि साखर आटवायचं, फळातलं पाणी जायला हवं. दूध मागाहून, आणि तेही कोरडं. आता मी असं करते. पाच मध्यम संत्री सोलून, फोडींवरची साल, धागे आणि बिया काढून गर एक वाटी. हे काम वेळखाऊ आहे आणि यात कंटाळा चालत नाही, कारण पांढरा भाग आणि बी कडवट असते. रस काढून तासभर ठेवला तरी कडू व्हायला लागतो, म्हणून गर काढला की लगेच लावायचा. त्यात पाऊण वाटी साखर. मोठ्या भांड्यात, दर दोन मिनिटांनी ढवळत, सहा-सात मिनिटं, जॅमसारखं घट्ट होईतो. मग दीड वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, अर्धी वाटी दूध पावडर, चमचाभर तूप. त्यानंतर मध्यम शक्तीवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाने दोन मिनिटं. सालीचा वरचा केशरी भाग चिमूटभर किसून घातला तर वास येतो, रंग घालावा लागत नाही. ही वडी जरा मऊच राहते. तशीच छान लागते. बाजारातल्या बर्फीसारखी चकचकीत नसते, आणि मला ती आवडते.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती गमतीची नाही.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं आता सगळं जमतं. चिक्की करायला घेतली. चिक्कीचा गूळ वाटीभर, चमचाभर तूप, चमचाभर पाणी. काचेचं भांडं धुवायला पडलं होतं म्हणून प्लॅस्टिकचा डबा घेतला. त्यावर ‘मायक्रोवेव्हमध्ये चालेल’ असं लिहिलेलं होतं. ते लिहिणं भात गरम करण्यासाठी असतं, पाकासाठी नाही. पाणी शंभर अंशांवर उकळतं, पण चिक्कीचा पाक दीडशेच्या आसपास जातो, आणि एवढ्या उष्णतेला तसलं प्लॅस्टिक मऊ पडतं. मी डबा उचलला तेव्हा बाजू वाकली. पाक डाव्या हातावर आला. गरम पाणी अंगावर पडलं तर निथळून जातं. पाक चिकटतो आणि चिकटलेला असताना भाजत राहतो. माझी नात, तेव्हा चार वर्षांची, माझ्या पदराला धरून उभी होती. तिच्या डोक्यापासून एक वीतभर अंतरावरून तो खाली गेला.

हा डाग अजून आहे. पुढे बसलेल्यांना दिसत असेल.

शेजारच्या वहिनी धावत आल्या, त्या परिचारिका होत्या म्हणून वाचले. मी दुसऱ्या हाताने पाक ओढून काढायला निघाले होते. त्यांनी हात धरला आणि नळाखाली धरला, साध्या पाण्याखाली, घड्याळ लावून वीस मिनिटं. बांगड्या लगेच उतरवल्या, सूज आली की उतरत नाहीत. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना. म्हणून मी आज चिक्की करून दाखवणार नाही. ज्यांना करायचीच असेल त्यांनी काचेच्या भांड्यात, दोन्ही हातांत जाड कापड घेऊन, आणि पोरांना स्वयंपाकघराबाहेर काढून करावी. पहिलं एक मिनिट, मग अर्ध्या अर्ध्या मिनिटाने. थंड पाण्यात टाकलेला थेंब ताटलीवर आपटला की टणकन वाजला पाहिजे, मग भाजलेले दाणे घालायचे. मला विचाराल तर संक्रांतीला चिक्की शेगडीवरच करावी.

त्या दिवाळीला माझा डावा हात बांधलेला. सासूबाईंचे दोन्ही हात हलणारे. घरात अडीच माणसं आणि एक चांगला हात, असं आमचे हे म्हणाले. सासूबाईंनी खुर्ची ओट्याजवळ लावून घेतली. भांडं आत-बाहेर करायला हे, बटण दाबायला मी, आणि सासूबाई दाराच्या फटीजवळ नाक लावून. घड्याळ त्या बघत नव्हत्या. “काढ,” म्हणायच्या. आम्ही काढायचो. “ढवळ. ठेव. काढ.” वासावरून. पन्नास वर्षं कढईसमोर बसलेलं नाक होतं ते, त्याला आत कोणती पेटी आहे याच्याशी काही घेणं नव्हतं. त्या दिवशी सहा ताटं झाली, एकही बिघडलं नाही. माझ्या वहीत आज ज्या वेळा लिहिल्या आहेत त्या सगळ्या त्या दिवशीच्या, त्यांच्या ‘काढ’च्या. त्या ‘काढ’ म्हणायच्या आणि मी घड्याळ बघून लिहून ठेवायचे.

पण सहा ताटांनी डबे भरत नाहीत. तेव्हा डबे चाळीसच्या वर गेले होते. मी एका वेळी दुप्पट माल घालून पाहिला. शेगडीवर दुप्पट मालाला थोडाच जास्त वेळ लागतो, इथे जवळजवळ दुप्पट लागतो, आणि मधला भाग कच्चा राहतो तो वेगळाच. म्हणजे या यंत्रात मोठी कढई चढवताच येत नाही. आधी मला हा दोष वाटला. मग लक्षात आलं, की एका घरात वीस ताटं करायची गरजच काय? बत्तीस घरांपैकी अकरा घरांत मायक्रोवेव्ह होते, आणि सगळे चहा गरम करत बसले होते. प्रत्येक घराने दोन ताटं केली की झालं. कोणाला गच्चीत जायला नको, पाटावर बसायला नको, गुडघे दुखायला नकोत. दहा मिनिटं उभं राहायचं, तेही जमत नसेल तर खुर्ची घ्यायची. ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह नव्हता त्यांनी शेव-चकली घेतली.

पुढच्या सभेत मी हे मांडलं. पाकिटाचा ठराव मागे घेतला गेला नाही, पण दुरुस्ती झाली. पाकीटही द्यायचं आणि डबाही. आजही तसंच आहे.

पहिल्या वर्षी संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम सुरू केलं. एक मायक्रोवेव्ह भिंतीतून बाराशे-तेराशे वॅट ओढतो. अकरा मायक्रोवेव्ह, वर दिवाळीच्या माळा. दोन घरांचे एमसीबी पडले, आणि ज्यांचे पडले नाहीत त्यांच्या वड्या सैल राहिल्या, कारण व्होल्टेज उतरलं की ही पेटीही मंदावते. रडवेल्या आवाजात फोन, “ताई, चार मिनिटं झाली, तरी खीरच आहे.” तेव्हापासून वड्या दुपारी करायच्या असा नियम आहे, तो फलकावर लागतो. नव्या लोकांना वाटतं तो काही मुहूर्त आहे.

अकरा घरांची बावीस ताटं आमच्याकडे आली. एक पिवळसर, एक पांढरी, एक इतकी कडक की चाकू वाकला. सासूबाईंनी प्रत्येकातली एक चाखली. शेवटी मी विचारलं, “आई, कशा झाल्यात?” त्या म्हणाल्या, “गोड हाय. खमंग नाही.” आणि हे खरं आहे, ते मी आज मायक्रोवेव्ह समोर ठेवूनही सांगते. कढईत खोबरं तळाला लागून जे किंचित तांबूस होतं, तो खमंगपणा यात येत नाही. बेसनाचे लाडू यात करतात लोक, मी करत नाही. अनारशाचा तर प्रश्नच नाही. वडी, पेढा, संत्र्याची बर्फी, खवा, एवढ्यापुरतं हे यंत्र चांगलं.

खव्याचं राहिलंच. दिवाळीत भेसळीच्या खव्याच्या बातम्या दरवर्षी येतात, अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात. घरचा खवा असा : अर्धी वाटी दूध पावडर, पाव वाटी साय, चमचाभर तूप, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने ढवळत दोन-अडीच मिनिटं. बाहेरचाच आणला तर चिमूटभर खवा पाण्यात उकळून, गार करून, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर त्यात पिठूळ काहीतरी मिसळलं आहे. आणि मधुमेहवाल्यांनो, मला दरवर्षी विचारता, गुळाची केली तर चालेल का, खजुराची केली तर चालेल का. साखर ती साखरच. अर्धी वडी खा आणि दुसरी अर्धी शेजारच्याला द्या.

सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. शेवटच्या दिवाळीला त्या अंथरुणावरच होत्या. स्वयंपाकघरात मी वड्या करत होते, दार उघडं होतं. तीन मिनिटं झाली आणि आतल्या खोलीतून आवाज आला, “काढ.” मी घड्याळ पाहिलं, माझ्या वहीप्रमाणे अजून अर्धं मिनिट होतं. मी काढलं. तेव्हा गोळा सुटलेला होता. त्या वर्षी वीजमंडळाने व्होल्टेज चांगलं दिलं असावं.

ताट आता गार झालं. सुरी तुपाची घ्या. चोवीस वड्या आहेत आणि आपण तीसच्या वर आहोत, तेव्हा मागच्या रांगेने पुढच्यांकडे लक्ष ठेवावं. बाहेर या वड्या तीन दिवस टिकतील, फ्रिजमध्ये आठवडाभर. त्रिपुरी पौर्णिमेसाठी करणाऱ्यांनी चार दिवस आधी करू नयेत, आदल्या दिवशी कराव्यात. यादी सचिवांकडे आहे. तळमजला आणि पहिला मजला नारळ, दुसरा मजला पेढे, तिसऱ्याकडे संत्री, कारण तिथे अजून मुलं आहेत, गर काढायला हात आहेत. खोबरं उद्या सकाळी माझ्याकडून न्या. काचेचं भांडं कोणाकडे नसेल तर सांगा, माझ्याकडे दोन आहेत. प्लॅस्टिकचं कोणी घेतलेलं दिसलं तर मी डावा हात दाखवायला घरी येईन.